पिवळा प्लग

वाचनालयातल्या वायफायच्या डब्याचं सॉफ्टवेअर बदलायला मी लॅपटॉप जोडला आणि बघतच राहिले. डबा सात वर्षांत एकदाही बंद झाला नव्हता! माझ्या आधी हे काम बघणाऱ्या साहेबांनी त्यात लिहिलेल्या स्क्रिप्ट, म्हणजे डबा चालवणाऱ्या सूचना, सेव्ह करायच्या राहूनच गेल्या होत्या. एकदा बंद पडताच सगळं पुसलं गेलं असतं. "प्लगला कुणी हातच लावला नाही?" मी झाडलोट करणाऱ्या मावशींना विचारलं. "लावू देते होय! साहेब जाताना म्हणाले, एवढा पिवळा प्लग सांभाळा. वीज गेली तर म्हणून इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणीही मीच घालते. रंगारी आले तेव्हा मी चार दिवस इथे स्टूल टाकून बसले." सगळं सेव्ह करून मी म्हटलं, "आता तुम्हीच काढा." त्यांनी डोळे मिटून प्लग काढला, परत लावला. दिवा पुन्हा हिरवा झाला. "मॅडम, मग एक दिवस रजा घेतली तर चालेल?"