तीन दिवसांचं दूध

हौसाक्का चंद्री म्हशीच्या सुजलेल्या सडाबरोबर चांगल्या तीन सडांचं दूधही खड्ड्यात ओतत होती.

“आक्का, हे का ओतताय?” जनावरांच्या डॉक्टर वैजयंतीने विचारलं.

“इंजेक्शन दिलं की तीन दिवस दूध विकायचं नाही, औषध उतरतं त्यात. तुम्हीच शिकवलंय.”

ते औषध जंतूंच्या अंगाभोवतीची भिंत फोडून त्यांना मारायचं. पण जंतू आता भिंतीवाचूनच जगायला शिकले होते. वर्षभरात एकही जनावर त्याने वाचलं नव्हतं. परवा इंजेक्शन मागणाऱ्या हौसाक्काला नाही म्हणवेना, म्हणून वैजयंतीने सुईतून नुसतं सलाईनचं पाणी दिलं होतं.

आज चंद्रीचा ताप आणखी वाढला होता.

“उद्या तीन दिवस भरतात,” हौसाक्का म्हणाली. “मग चहा पिऊनच जायचं, चंद्रीच्या दुधाचा.”

वैजयंतीने तिच्या हातातली बादली घेतली आणि ती धूत बसली.