मागचा बार
मिहिरने साकीनाक्याच्या गॅरेजमध्ये बहिणीच्या गाडीला मागे नवा जाड स्वे बार बसवला. वळणावर गाडी कलू नये म्हणून लावतात, तो लोखंडी दांडा. हौशी शर्यतींत जान्हवी दर वेळी अर्ध्या सेकंदाने मागे पडायची. बारच्या टोकाला तीन होल होती. जितकं आतलं होल, तितका बार कडक. "मधल्यातच लाव हं," ती म्हणाली होती. "फार कडक केलास तर गाडी मागून सुटेल. आधी मला सवय होऊ दे." शर्यतीच्या दिवशी ती हेल्मेट आणायला गेली, तेवढ्यात मिहिरने बार गुपचूप सगळ्यात आतल्या होलमध्ये सरकवला. ती जिंकावी, एवढंच त्याच्या मनात होतं.

तिसऱ्या वळणावर गाडी गर्रकन फिरली आणि भिंतीवर आदळली.

हॉस्पिटलमधला आज नववा दिवस. जान्हवी आता कधीच चालू शकणार नाही, हे डॉक्टरांनी सकाळी स्पष्ट सांगितलं होतं. बाबा खाली औषधं आणायला गेल्यावर मिहिर तिच्या उशाशी वाकला. "ताई, तो बार..."

"पहिल्याच वळणावर कळलं होतं मला," ती छताकडे बघत म्हणाली. "वाटलं, सांभाळेन."

मिहिर हमसून हमसून रडायला लागला.

"बाबांना मी सांगितलंय, सेटिंग मीच बदललं म्हणून. तू आता तोंड उघडू नकोस. त्यांना एक तरी मूल राहू दे."