अकरा मिनिटं

मनोविश्लेषकाच्या अंतिम परीक्षेत ती तिसऱ्यांदा नापास झाली. परीक्षक बाई म्हणाल्या, "पन्नास मिनिटांत पेशंट जेमतेम अकरा मिनिटं बोलला. बाकी सगळा वेळ तुमच्याच तोंडाचा पट्टा!"

घरी येऊन ती बाबांशेजारी धपकन बसली. आई गेल्यापासून ती त्यांना रोज खोदून खोदून विचारायची आणि ते रोज म्हणायचे, "मला काय धाड भरलीये?" आज तिच्यात विचारायचंही त्राण नव्हतं.

बऱ्याच वेळाने बाबा आपणहून आईच्या मोडक्या चष्म्याबद्दल बोलू लागले. मग हॉस्पिटलमधल्या शेवटच्या दिवसाबद्दल. ती अवाक्षरही न काढता ऐकत राहिली.

शेवटी त्यांनी डोळे पुसले. "बरं वाटलं गं. किती दिवसांनी आज माझ्याशी बोललीस!"