रिकामा ट्रेलर

भाड्याने दिलेली व्हिडिओ गेमची अवजड मशिनं पोचवून पोचवून त्याच्या कमरेचा पार भुगा झाला होता. त्यातच उघड्या गाडीत पाणी शिरून दोन मशिनं कामातून गेली, म्हणून आता बंद ट्रेलर घ्यायचाच होता. सकाळपासून मेहुण्याला घेऊन जुन्या गाड्यांची यार्डं पालथी घालताना तो मेटाकुटीला आला होता.

ट्रेलर पारखायची त्याची रीत ठरलेली. आत शिरून दार बाहेरून लावून घ्यायचं आणि अंधारात कुठे उजेडाचा ठिपका दिसतो का बघायचं. उजेड येईल तिथून पाणी येणारच.

हा शेवटचाच ट्रेलर होता. तो आत चढला तसे चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे करकरले आणि ट्रेलर थोडा दबला. मेहुण्याने दार लावलं. आत मिट्ट काळोख होता, टाचणीएवढाही उजेड नव्हता. तिथेच टेकून झोपावं, असं त्याला वाटलं.

"उघड रे," तो म्हणाला.

तो उतरला. त्याचं वजन गेलं तसा ट्रेलर वर आला. मग, जरा वेळाने, आणखी वर आला. आधीपेक्षा खूपच जास्त.

"दाजी, तुम्ही तर केव्हाच उतरलात," मेहुणा हळूच म्हणाला.

"पाटे गेले असतील." वाद घालायचंही त्राण त्याच्यात नव्हतं. "राहू दे हा. घरी चल."

दोघं आपल्या गाडीत पुढे बसले. दारं लागली. मेहुण्याने किल्ली फिरवायच्या आतच गाडी मागून सावकाश खाली बसली, मशीन चढवल्यावर बसते तशी.