भोपळ्यातली चीर

हल्ली मिरजेत नारळसुद्धा कुणी वाजवून घेत नसे. मोबाइलच्या क्ष-किरणांनी न फोडताच आतल्या एकेका कापाचं चित्र बघून घेत. गायिका सुमतीबाई सप्र्यांनी आपल्या तंबोऱ्याचंही तेच केलं आणि तो घेऊन तणतणत वाद्यं बनवणाऱ्या दस्तगीर मिस्त्रींच्या दुकानात आल्या.

"चाचा, भोपळ्याला आतून वीतभर चीर आहे! तीस वर्षं फसवलंत."

"मी नाही बाई, अब्बांनी," दस्तगीर हसले. "भोपळा वाळताना तडकला, म्हणून आतून सरसानं कापड चिकटवलं. तुमच्या सगळ्या मैफली त्या चिरेवरच रंगल्या की हो!"

"आता कानात तीच खरखरते. परवा गायचंय, आणि सूर लागेना."

"खरखर कानात नाही, मोबाइलात आहे." दस्तगीरनी तार छेडली. नेहमीचाच भरीव, गोल षड्ज उमटला. "सांगा, कुठं आहे?"

"एकदा हे बघा तरी." बाईंनी मोबाइल पुढं धरला. करड्या कापात चीर काळ्या गांडुळासारखी वळली होती.

दस्तगीरनी पुन्हा तार छेडली. मग भोपळ्याला कान लावून तिसऱ्यांदा.

"चाचा?"

"भोपळा बदलू," बाईंकडे न बघता ते म्हणाले.