जास्तीचा शब्द

आईला पक्षाघाताचा झटका आला आणि तिची वाचा गेली. "ऐकू येतं, पण कितपत कळतं ते सांगता येणार नाही," डॉक्टर म्हणाले. आईने जन्मभर शाळेत वृत्तं शिकवली होती, म्हणून मुलीने उशाशी बसून स्वतःची नवी कविता वाचायला घेतली. आईचं बोट पलंगाच्या दांडीवर वाजू लागलं, लघूवर हलकं आणि गुरूवर जोरात. तिसऱ्या ओळीत ते थांबलं. कपाळावर आठी घालून आईने दोन बोटं वर केली. मुलीने ओळ तपासली. 'हळू' दोनदा आलं होतं, म्हणून मात्रा वाढल्या होत्या. "एक काढू?" आईने होकारार्थी मान हलवली. ओळ सुधारून वाचताच बोट थेट यमकापर्यंत चाललं. "यमक तरी जमलंय ना?" आईने नाक मुरडलं. मुलगी हसत-रडत बाहेर धावली. "दादा, आईला सगळं कळतंय! माझ्या कवितेतल्या चुका काढतेय!"