नव्या प्रोसेसरची पूजा

"डुप्लिकेट माल बसवलास ना? खरं बोल!"

निनादने टेबलावर इतक्या जोरात हात आपटला की कीबोर्ड उडाला. खाली मांडी घालून बसलेला प्रदीप उघड्या कॉम्प्युटरच्या आत बघत होता. नेऱ्याहून मोटारसायकलवर येऊन नवीन पनवेलच्या सोसायट्यांतले कॉम्प्युटर दुरुस्त करणारा हा माणूस. काल संध्याकाळी त्यानेच निनादच्या कॉम्प्युटरला नवा प्रोसेसर बसवला होता आणि आज सकाळपासून कॉम्प्युटर ढिम्म. पंखा फिरतोय, दिवा लागतोय, स्क्रीन मात्र काळी ठिक्कर.

"साहेब, काल चालू करून दावला ना तुमाला. दोन तास चालला."

"काल चालला, आज मेला. मधे काय भूत येऊन गेलं?"

दोन वाजत आले होते. चार वाजता निनादची परीक्षा होती. जर्मनीत हॅम्बुर्गच्या एका कंपनीची, तिकडे जाऊन करायच्या नोकरीसाठी; घरी बसून, कॅमेऱ्यासमोर. जहाजाचे आराखडे काढायचे, तेही काल रात्री नोंदवलेल्या याच मशिनवर. दुसऱ्या मशिनवर बसलं की बाद, आणि पुन्हा संधी नाही. शिकला इंजिनिअर, आणि तीन वर्षं द्रोणागिरीच्या गोदामात कंटेनरचे नंबर टिपतोय. चिडेल नाही तर काय करेल? पण म्हणून समोरच्याला चोर म्हणायचं?

"मी तरी काल म्हटलंच," वसुंधराबाई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या, "ओळखीचा माणूस बोलाव. कुणाच्याही हातात कशाला द्यायचं?" मुलाकडे बघून त्यांचा आवाज लगेच मऊ झाला. "तू दोन घास खाऊन घे रे."

"आई, तू आत जा!"

निनादचं सकाळपासून सगळ्यांशी वाजत होतं. कॅमेऱ्यासमोर बसायचं म्हणून आठ दिवसांची दाढी उतरवायला निघाला, तर आईने नको म्हटलं. त्यावरून एकदा आवाज चढलाच होता.

प्रदीपने टॉर्च मारला. "रॅमची क्लिप वर आलेली हाय. मी काल दाबली होती."

"म्हणजे नीट बसवलीच नव्हतीस!"

प्रदीपने क्लिप दाबली. कॉम्प्युटर चालू केला. काही नाही.

"रॅम काढून बघतो."

"रॅमला हात लावायचा नाही! प्रोसेसर काढ. तोच खोटा आहे."

घ्या! कामाची अक्कल याला, हुकूम त्याचा. प्रदीपने मुकाट्याने पंखा उतरवला, नवा प्रोसेसर काढला, पुसला, परत बसवला. काही नाही. मग खोक्यातला जुना बसवला. तरी स्क्रीन काळीच. यात पाऊण तास गेला.

"झालं समाधान?" प्रदीपचाही आवाज आता तापला. "दोन्ही प्रोसेसर कसे मरतील, साहेब? आता तरी रॅम काढू द्या."

"काढ. आणि तीन वाजेपर्यंत चालू झाला नाही, तर सोसायटीच्या ग्रुपवर तुझा फोटो टाकतो. या कॉलनीत एक घर उघडणार नाही तुला."

 ही कॉलनी गेली की प्रदीपचं निम्मं काम गेलं. घरी दोन मुलं शाळेत जाणारी. त्याने रॅमची पट्टी उपसली आणि उजेडात धरली.

पट्टीच्या सोनेरी दातांवर लाल चिखल वाळून बसला होता. खाली खाचेतही तेच. त्याने बोटाने खरवडून वास घेतला.

"कुंकू हाय."

"काय?"

"कुंकू. पाण्यात कालवल्यागत. दोन्ही खाचांत." त्याने पुन्हा टॉर्च फिरवला. "पंख्यावर नाय, बोर्डावर नाय. इथंच येवढं कसं?"

निनादला पुढचं ऐकूच आलं नाही. "आई!"

वसुंधराबाई पदराला हात पुसत आल्या. लाल पट्टी बघितली आणि त्यांचा चेहरा पडला.

"अरे देवा. नवी वस्तू घरात आली म्हणून सकाळी हळदकुंकू वाहिलं रे. वर चार थेंब पाणी. तुझ्याच परीक्षेसाठी."

"अगं, ही काय तुळस आहे का?" निनाद किंचाळला. "माणूस एक तास शिव्या खातोय आणि तू गप्प?"

"मला काय ठाऊक, त्याने बिघडतं म्हणून?" त्यांनी डोळ्याला पदर लावला. आता रडणाऱ्या बाईवर किती ओरडणार? निनाद प्रदीपकडेच वळला. "तू कॉम्प्युटरचा बाजूचा पत्रा उघडा कशाला ठेवलास?"

"गरम किती होतं बघायला. तुमाला सांगूनच ठेवला."

माफी नाहीच. प्रदीपने खाचा ब्रशने घासल्या, स्पिरिटने पुसल्या, दुसरी रॅम लावून पाहिली. आतून जळका वास आला. बोर्डच गेला होता. तसला बोर्ड मुंबईहून मागवायचा म्हणजे उद्या दुपार.

चार वाजले. चार वाजून दहा मिनिटं झाली. निनाद काळ्या स्क्रीनसमोर डोकं धरून बसला.

"जाऊ दे रे बाळा," वसुंधराबाईंनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. "इथे काय कमी आहे आपल्याला?" रडून झाल्यावर त्यांचा आवाज मोकळा झाला होता.

प्रदीप दारात बूट घालत होता, तेवढ्यात समोरच्या ब्लॉकमधली हेतल आली. कालच गावाहून परतली होती. हातात प्रसादाची वाटी आणि कुंकवाची कोयरी.

"काकी, माताजीचा प्रसाद. या, कुंकू लावते."

वसुंधराबाई चटकन दोन पावलं मागे सरल्या.

"नको गं, लांबूनच. रोह्याचे थोरले दीर गेले ना, सुतक आहे आम्हाला. आठ दिवस झाले, देवाला दिवा नाही की कशाची पूजा नाही. बाकी काही असो, एवढं मी कडक पाळते."